होडीतल्या हौदाला दम

शके १९४७, चैत्र वद्य दशमी, बुधवार. इंग्रजी तारीख तेवीस एप्रिल दोन हजार पंचवीस. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात, सावरदरीच्या धरणाच्या उत्तर काठावर, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि भेगाळलेला गाळ सुरू होतो त्या जागी, सकाळी साडेनऊच्या सुमारास खंडेराव गांगुर्डे याच्या पत्र्याच्या होडीतून नऊ कटला मासे उतरवण्यात आले. नऊच्या नऊ मेलेले होते.

त्यांना कुठे खरचटलेले नव्हते. खवले जागच्या जागी होते, शेपट्या शाबूत होत्या, डोळेसुद्धा अजून निवळ होते. आणि हेच उज्वलाच्या मनाला अधिक लागले. ती खंडेरावची सून. होडीच्या मध्यावर पत्र्याचा जो हौद होता त्याच्यावर वाकून तिने सबंध सव्वा तास या माशांकडे पाहिले होते. आधी ते तळाशी स्वस्थ होते. मग एकेक जण वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून उघडमीट करू लागला, आणि कलला. शेवटचा कलला तेव्हा काठावरची माणसे ओळखू येऊ लागली होती.

काठावर माशांच्या बीजकेंद्राची पिकअप उभी होती. तिच्यावर निळी टाकी, टाकीला लागून ऑक्सिजनचे नळकांडे. अपूर्वा गायधनी ही केंद्रातली मत्स्यशास्त्राची पदवीधर मुलगी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून खाली उतरली. तिने एका माशाचा कल्ला उचलून पाहिला आणि हात धुतला.

"काका, हे बाजारात जातील. केंद्रात नाही."

"ताजे हेत ताई," खंडेराव म्हणाला. "आत्ता मेले."

"मला अंडी देणारे मासे हवेत. मेलेला ताजा काय नि शिळा काय, मला सारखाच."

"कटला नाजूक जात. मरळ असती ना, ओल्या गोणपाटात बांधून नाशकापर्यंत नेली असती. हा हौद मरळीसाठीच केलेला हे. चौदा वर्षांत एक मेली नाय यात."

"मरळ वर येऊन हवा घेते. कटल्याला ते जमत नाही, त्याला पाण्यातलीच हवा लागते. पाणी तापलेलं, मासे चार-चार किलोचे, हौद एवढासा. ती हवा संपते."

"म्हणजे पाण्याचा दम जातो."

अपूर्वा म्हणाली, "हो. तसंच म्हणा."

मग तिने स्पष्ट सांगून टाकले. दुसऱ्या काठाच्या लहानूकडे इंजिनाची होडी आहे, तो वीस मिनिटांत इथवर येतो; पण त्याच्या फासजाळ्यात माशाचे खवले निघतात. गांगुर्ड्यांच्या ओढायच्या जाळ्यातला मासा स्वच्छ निघतो, पण मरून येतो. पिकअप रविवारी येईल आणि मंगळवारी येईल. बुधवारी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया; त्यानंतर केंद्राचे तलाव भरून बंद होतील. केंद्राला धरणाच्या कामासाठी आणि तलावांवर देखरेखीसाठी वर्षभराचा एक माणूस ठेवायचा आहे. जो जिवंत मासा आणील त्याचाच विचार होईल.

बोलताना तिने सोमनाथकडे पाहिले. सोमनाथ, उज्वलाचा नवरा, जाळे पिळत उभा होता. त्याने मान डोलावली आणि लगेच पाठ फिरवून खोकला. तो खोकला दाबताना त्याचे खांदे वर चढत आणि बराच वेळ खाली येत नसत. उज्वलाने जाळ्याचे दुसरे टोक हातात घेतले, म्हणजे त्याला थांबायला कारण मिळाले.

सोमनाथने चार वर्षे एका द्राक्षबागेत वर्षाच्या बोलीवर साल धरले होते. त्या बागेत छाटणीपासून काढणीपर्यंत जेवढी फवारणी होई, ती त्याच्या हातची. पाऊस पडला की फवारा, धुके पडले की फवारा, आणि काही पडले नाही तरी मालकाच्या मनाच्या समाधानासाठी फवारा. मोरचूद कालवून कालवून त्याच्या नखांच्या मुळाशी हिरवट-निळी रेघ बसली होती. दिंडोरीच्या डॉक्टरने फेब्रुवारीत त्याच्या छातीला नळी लावली आणि वर न पाहता सांगितले, की फवारा सोड, नाहीतर छाती सोडेल. सोमनाथने बाग सोडली. पण आखाजीला सालदार नव्याने ठरतात, आणि बागेचा मुकादम काळू दर दोन दिवसांनी मोटारसायकल घेऊन दारात येत होता.

संध्याकाळी चंद्रभागेने ओट्यावर बसून माशांच्या तुकड्या केल्या. सासूच्या हातातली विळी थांबत नसे आणि तोंडही.

"आठवड्यात दुसऱ्यांदा कटला. त्या केंद्राच्या नावानं मासे धरायचे आणि पोटात आपल्या घालायचे. मला तर आता खवले फुटतील."

"थट्टा करू नको," खंडेराव म्हणाला. "साल धरलं असतं तर हा प्रश्नच नव्हता. बारा महिन्यांची भाकर म्हणजे साल. पाणी आज हे, उद्या नाय. आपल्या बापाची विहीर त्या पाण्याखाली हे, मी रोज तिच्यावरून जाळं ओढतो. पाण्याचं मला कोणी सांगू नये."

"आबा, डॉक्टर काय म्हणला ते ऐकलं ना?" उज्वला चुलीपुढून म्हणाली.

"डॉक्टर सगळ्यांनाच तसं म्हणतो. मला विडी सोड म्हणला. सोडली का मी? हे ना मी?"

सोमनाथ भिंतीला टेकून गुडघे धरून बसला होता. झोपण्याआधी तो नेहमी असाच बसे. आडवे झाले की त्याला श्वास अपुरा पडे. तो एकाएकी म्हणाला, "हौदाला दम देता येईल."

"कसा?"

"पाठीवरच्या बॅटरीच्या पंपाची मोटर. ती हौदातलं पाणी ओढंल, वर आडवी नळी, नळीला चार नोझल. पाणी बारीक होऊन वरून पडंल, पडताना हवा घेऊन पडंल."

"पाणी वर उडवायचं आणि तिथंच खाली पाडायचं. त्यानं काय व्हणार?"

"धरणातून पाणी सुटतं तेव्हा मासा सांडव्याखाली का जमतो?"

त्या सांडव्याखाली खंडेरावनेच सोमनाथला जाळे फेकायला शिकवले होते. तो उठला आणि विडी शोधू लागला. उज्वलाने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

शुक्रवारी सोमनाथ बागेच्या भंगारातून फुटक्या टाकीचा एक पंप घेऊन आला. काळूनेच तो दिला होता. "ने, पण आखाजीचं विसरू नको," एवढेच म्हणाला होता. मोटर चालत होती, बॅटरी अर्धी भरत होती, पितळी नोझल चांगली होती. चंद्रभागेने सगळे भाग राखेने घासले. उज्वलाने ते तीन पाण्यांतून काढले आणि नोझल खोलून आतली जाळी नखाने पुसली. जाळीच्या कडेला निळसर कीट होते. ते नखाने निघेना. तिने ते नवऱ्यापुढे धरले.

"हे काय हे?"

"मोरचूद असंल. वाळलंय."

"माशाला बाधणार नाही ना?"

"चार वर्षं माझ्या अंगावर रोज पडलंय ते," सोमनाथ हसून म्हणाला. "मेलो का मी?"

उज्वला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. या प्रश्नाला उत्तर होते. तिने जाळी परत बसवली आणि नोझल आवळले.

शनिवारी त्यांनी रिकाम्या हौदावर पंप चालवून पाहिला. हौदाच्या दोन्ही कडांना बांबूच्या चिपा आणि त्यांवर आडवी नळी. मोटर घुमली, चार नोझलांतून चार पंखे उघडले आणि उन्हात धुके उडाले. चंद्रभागा पदर तोंडाला लावून पाहत होती. खंडेरावनेसुद्धा हात पुढे करून तळव्यावर ते पाणी घेतले. सोमनाथच्या चेहऱ्यावर उज्वलाने फार दिवसांनी कामाचा आनंद पाहिला. त्या रात्री तो दोनदाच उठला.

रविवारी पहाटे पाण्याच्या पश्चिम टोकाला, जिथे धरणाचे पाणी आत शिरून झालेली खाडी उथळ होत जाते, त्यांनी जाळे ओढले. चौघेही कमरेएवढ्या गाळात. मासा एकेक करून ओंजळीत घ्यायचा, ओल्या फडक्यात गुंडाळायचा, हौदात सोडायचा. दहा मिळाले. सोमनाथने पंप सुरू केला. खंडेराव वल्ह्यांवर बसला, पाठ पुढच्या काठाकडे. सोमनाथ मागच्या टोकाला ओले जाळे आवरत. उज्वला हौदाशी. चंद्रभागा पायवाटेने परतली.

दहा मिनिटे झाली असतील. माशांनी अंग झटकायला सुरुवात केली. तळाशी टेकलेला एक मासा बाणासारखा सुटून पत्र्यावर आदळला. पाण्यावर फेस धरू लागला. कल्ल्यांमधून शेंबडासारखे काहीतरी लोंबू लागले.

"अहो, बंद करा."

"का? दम मिळू राहिला ना त्यांना?"

"बंद करा म्हणते ना."

त्याने पंप बंद केला. त्याने काही फरक पडला नाही. उज्वला हाताने फेस काढत राहिली. खाडीचे तोंड ओलांडेपर्यंत दहाही मासे पांढरी पोटे वर करून तरंगत होते. खंडेरावने वल्ही न थांबवता हौदात पाहिले.

"आधी सव्वा तासानं मरत व्हते. आता वीस मिनिटांत. शहाणपणच म्हणायचं."

काठावर लहानू आपल्या इंजिनाच्या होडीत पाय सोडून बसला होता. गांगुर्ड्यांची होडी लागताना त्याने मान लांब करून हौदात पाहिले, नळीवरच्या नोझलांकडे पाहिले, आणि त्याचे तोंड पसरले.

"सोम्या, कटला फवारला काय रे? बरं केलंस. आता द्राक्षासारखी भुरी नाय यायची त्याच्यावर."

पिकअपचा ड्रायव्हर हसला. गुरे पाण्यावर आणलेले दोघे-तिघे हसले. सोमनाथही हसायला गेला आणि त्याला खोकला आला. तो होडीच्या कडेला धरून ओणवा झाला, आणि लोक हसायचे थांबले तरी तो थांबेना.

अपूर्वाने माशाचा कल्ला उघडला, बोटाला लागलेला चिकट पदार्थ पाहिला, मग एक नोझल खोलून नाकाशी नेले.

"हे द्राक्षाच्या बागेतलं?"

"हो," उज्वला म्हणाली. "तीन पाण्यांतून काढलं होतं."

"तीसातून काढलं तरी जाणार नाही. मोरचूद आहे. रबरी नळीत, मोटरच्या आत, सगळीकडे मुरलेलं असणार. याची चिमूट एवढ्या हौदाला पुष्कळ. माशाच्या कल्ल्यावर बसतं, मग भोवती हवा कितीही असो, त्याला घेता येत नाही." ती बोलत होती खंडेरावशी, पण खोकणे थांबवून सरळ होणाऱ्या सोमनाथकडे तिचे लक्ष गेले, मग त्याच्या नखांकडे. "हौद गाळाने घासा. उन्हात ठेवा. या पंपाचं काहीही परत लावू नका. मंगळवारी शेवटचं. नाही जमलं तर मी लहानूंना सांगून मोकळी होते. खवले निघालेले मासे निदान जिवंत तरी असतात."

दुपारी काळू आला. तो ओट्यावर बसून पाणी प्याला, पंप कामाला आला का असे त्याने विचारले, आणि चंद्रभागेने "आला, आज पुन्हा कटला हे" असे उत्तर दिले. खंडेराव त्याला म्हणाला, "मंगळवारी धरणावर ये. तिथं सांगतो काय ते." त्याच्या स्वरावरून काय सांगणार हे उज्वलाला ऐकू आले. ती आत जाऊन हौद घासायची माती चाळू लागली. माती चाळायची काही गरज नव्हती.

सोमवारी सकाळपर्यंत तिने हौद पाच वेळा घासला होता. पाण्याजवळ बसून सहाव्यांदा घासत असताना थोड्या अंतरावर खंडेराव आपली ट्यूब तपासत होता. होडी घेण्याआधी धरणातले बहुतेक लोक ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसूनच जाळी लावत. खंडेराव उथळ पाण्यात अजून तीच वापरी. ट्यूब बसू लागली होती. त्याने ती पाण्यात दाबली आणि हळूहळू फिरवत नेली. एका जागी पाण्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली, तुटली नाही, येतच राहिली.

"घावली," तो स्वतःशीच म्हणाला आणि खिशातून ठिगळ काढले.

"आबा," उज्वला उभी राहिली. "ते लावू नका."

"का?"

"तशीच धरा पाण्यात. तशीच धरा."

खंडेरावने सुनेकडे पाहिले, मग बुडबुड्यांकडे. त्याला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर ते सुनेने आधी पाहिले हे त्याला आवडले नाही. उज्वलाला दोन्ही दिसले. तो ठिगळ बोटांत चोळत म्हणाला, "किती वेळ पुरंल?"

"बसून बघू."

त्यांनी बसून पाहिले. सोमनाथ टायरच्या दुकानातून दोन मोठ्या ट्यूब फुगवून घेऊन आला, एक घरचीच ठिगळ लावलेली, एक गावातल्या ट्रॅक्टरची मागून आणलेली. ठिबकची नळी उज्वलाने दुकानातून नवी आणवली. बागेतली पडलेली नको, असे तिने तीनदा सांगितले, आणि या वेळी सोमनाथ हसला नाही. नळीच्या एका टोकाला गाठ, अंगाला दाभणाने नव्हे तर शिवणाच्या सुईने भोके. दुसरे टोक ट्यूबच्या तोंडाला, वर सायकलच्या रबराच्या पट्ट्या. हवा कमी-जास्त करायला कपड्यांचा चिमटा. पहिल्या वेळी ट्यूब नुसती पडून असता पंधरा मिनिटांत बुडबुडे मंदावले, कारण आतला जोर ओसरला. मग खंडेराव तिच्यावर बसला. बुडबुडे पुन्हा धरले.

"म्हणजे मला कोंबडीसारखं बसून राहायचं," तो म्हणाला.

"एका ट्यूबला अर्धा तास," सोमनाथ घड्याळ पाहत म्हणाला. "दोन ट्यूब, एक तास. पाव तास कमी पडतोय."

"पाव तास मी बघते," उज्वला म्हणाली. कसे ते तिने सांगितले नाही, कारण तिला ते तेव्हा माहीत नव्हते.

मंगळवारी अकरा कटले मिळाले. खंडेराव होडीत ट्यूबवर बसला, दोन्ही हातांनी कडा धरून. आणि तो वल्ही मारू शकत नसल्यामुळे वल्ह्यांवर सोमनाथ बसला. आजवर होडीत एकजण वल्ह्यांवर असताना दुसरा पाठमोरा जाळे आवरत असे. आज हौद मध्ये, उज्वला हौदाशी, आणि दोघे पुरुष समोरासमोर. चंद्रभागा जाळे घेऊन पायवाटेने काठाकडे निघाली होती.

नळीतून बुडबुडे येत होते, हौदाच्या तळापासून वरपर्यंत, एका रांगेत. मासे त्या रांगेच्या दोन्ही अंगांना टेकून राहिले. उज्वला त्यांच्या कल्ल्यांची उघडझाप मोजत होती. सावकाश. सगळ्यांची सावकाश.

खाडीच्या तोंडाशी लहानूची होडी आडवी आली. त्याने इंजिन मंद केले.

"आबा, अंडी उबवता काय? किती दिवसांत फुटतील?"

"तुझ्या बापाला विचार," खंडेराव बसल्या जागेवरून म्हणाला. "तो त्यातला जाणता व्हता."

लहानू हसला आणि निघून गेला. पण त्याच्या इंजिनाने उठवलेल्या लाटा हौदात पाणी हिंदकळवून गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग धरणाच्या भिंतीकडून उलटा वारा सुटला. तो सकाळी दहानंतर सुटे. आज आधीच सुटला. सोमनाथने वल्ही आवळून धरली.

अर्ध्या तासाने पहिली ट्यूब खंडेरावच्या खाली चपटी झाली. उज्वलाने नळी दुसरीला लावली, रबर गुंडाळले. तेवढ्यात दोन मासे वर आले. तिने चिमटा सैल केला. एक खाली गेला. दुसरा तिथेच राहिला, तोंड पाण्याबाहेर, उघडमीट, उघडमीट.

तिने वर पाहिले ते सासऱ्याची मान वर झालेली दिसली म्हणून. खंडेराव माशाकडे पाहत नव्हता. तो समोर पाहत होता. सोमनाथ वल्हे ओढी, आणि ओढून झाल्यावर ते पाण्याबाहेर काढायच्या आधी थांबे. मान वर करी, तोंड उघडे, गळ्याजवळची खळी आत जाई, आणि हवा आत जाताना बारीक शिटी वाजे. मग पुन्हा ओढी. ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. घरात हा आवाज भिंतीआडून येई आणि खंडेराव कूस बदलत असे. इथे भिंत नव्हती.

मासा कलला. उज्वलाने तो उचलून होडीच्या तळाशी ठेवला.

"ऊठ," खंडेराव म्हणाला.

"काठ येईल की. थोडंच राह्यलं."

"ऊठ म्हणतो ना. इथं बस."

"आबा, वारा हे. तुम्हाला नाय ओढायचं."

"तुला ओढू राहिलं का?"

सोमनाथ उठला. होडी डुलली, दोघे एकमेकांच्या दंडांना धरून हौदाच्या कडेने सरकले, आणि मुलाला ट्यूबवर बसवताना बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला तो नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ राहिला. मग बासष्ट वर्षांचा तो माणूस वल्ह्यांवर बसला आणि वाऱ्याला पाठ देऊन ओढू लागला. त्याच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या.

दुसरी ट्यूब बसली तेव्हा काठ अजून लांब होता. उज्वलाने होडीतले पाणी उपसायचा डबा घेतला. हौदातले पाणी भरायचे, डोक्याइतके उंच न्यायचे, सोडायचे. ओढ्याला जसे पडते तसे. दहा वेळा, वीस वेळा. खांद्यातून कळ निघू लागली तेव्हा तिने हात बदलला. सोमनाथ म्हणाला, "दे इकडं," आणि तिने मान हलवली. साडी छातीपर्यंत भिजली, केसांतून पाणी गळू लागले. आणखी दोन मासे कलले. बाकीचे आठ तळाशी सरकून एकमेकांना खेटून राहिले, कल्ले जोरात चालवत, पण सरळ.

होडी गाळाला लागली. अपूर्वा बुटांसकट पाण्यात आली. तिने हौदात हात घातला, एका माशाला खालून धरले, त्याने शेपटी झटकली आणि तिच्या चष्म्यावर पाणी उडाले. ती कॅनव्हासची झोळी घेऊन आली. आठही मासे एकामागून एक पिकअपच्या टाकीत गेले. तिथल्या थंड पाण्यात ते आधी खाली बुडाले, मग एक मासा वळला, मग सगळेच फिरू लागले. उज्वला टाकीच्या कडेला हात टेकून उभी होती.

"अकरातले आठ," अपूर्वा म्हणाली. "आठही चांगले आहेत."

"मग?" उज्वलाने विचारले.

"मासे मी घेतले. माणसाचं केंद्राचे मालक ठरवतील. लहानूंनी रविवारी वीस आणले होते, त्यातले पंधरा खवले निघालेले. मी तुमचं नाव लिहून देते. शब्द देत नाही. द्यायचा अधिकार असता तर दिला असता."

"कधी कळेल?"

"आठ-दहा दिवस लागतील."

आठ-दहा दिवस. आखाजी उद्या होती. उज्वलाने मागे वळून पाहिले. रस्ता संपतो तिथे काळूची मोटारसायकल उभी होती. काळू गाळ चुकवत, चपला हातात घेऊन खाली येत होता. चंद्रभागाही पायवाटेने पोहोचली होती. जाळे डोक्यावर तसेच धरून ती उभी राहिली.

सोमनाथ बसलेल्या ट्यूबची नळी सोडवत होता. काळू जवळ आल्यावर तो उभा राहिला आणि त्याने हात पुसले. तो काय बोलणार हे उज्वलाला ठाऊक होते. गेले चार दिवस ते त्याच्या तोंडावर लिहिलेले होते: केंद्राचे कळेपर्यंत धरतो साल, पुढचे पुढे. तो तोंड उघडू लागला.

"खंडेराव आबा, झालं का मग?" काळू म्हणाला. "मालक, बापू, वाट पाहू राहिले. परवा पहिला फवारा हे. तुम्ही मंगळवार म्हणला व्हतात."

खंडेराव अजून होडीतच, वल्ह्यांच्या फळीवर बसला होता. त्याला उठता येत नव्हते. तळवे वर करून तो त्यांच्यावर फुटलेल्या फोडांकडे पाहत होता.

"सोमा काही बोलणार नाय," तो म्हणाला. "मी बोलतो."

"बोला ना."

"बापूला जाऊन सांग. सोमनाथनं फवारणी सोडली."